कोऱ्या पानाखालच्या सह्या

आमच्या गावात माणसं ग्रामसभेला जात नाहीत, ग्रामसभाच माणसांकडे येते. ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर कापडी पिशवीत घालतो, पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवतो आणि दारोदार फिरतो. आमच्या गावाएवढ्या गावाला सभेत शंभर माणसं भरावी लागतात. प्रत्यक्ष सभेच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर पंधरा-वीस जण असतात, त्यातले चार-पाच नुसते सावलीसाठी आलेले. उरलेली माणसं शिपाई सह्यांनी भरून काढतो, कधी सभेच्या आधी, कधी नंतर. याला कुणी लबाडी म्हणत नाही. शेजारीण विरजणाला दही मागायला आली तर आपण वाटी भरून देतो, तशी लोक सही देतात.

मी हे लिहिते आहे, कारण त्या रजिस्टरवर माझ्या आईने सही केली तेव्हा पेन मी दिलं होतं.

गावाच्या वरच्या अंगाला, मालेगावच्या रस्त्याला लागून, गायरान आहे. मुरमाड उतार. त्यातले तीन एकर माझी आई कसते. आमच्या वस्तीतली अकरा घरं तिथे दोन पिढ्यांपासून आहेत. दगड वेचून, बांध घालून, उताराची शेतं त्यांनीच केली. सातबाऱ्यावर मात्र सरकारचं नाव आहे. तुम्ही अतिक्रमण केलं आहे, अशा ज्या नोटिसा वेळोवेळी आल्या, त्याच आमच्या कब्ज्याचा पुरावा. जगात दुसरीकडे कुठे गुन्ह्याची नोटीस लोक पत्र्याच्या पेटीत दागिन्यासारखी जपत असतील, असं मला वाटत नाही. आई जपते. बाबा गेल्यावर ही तीन एकर जमीनच तिच्या हातात उरली. ती गेली तर आई बाराही महिने दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन उभी राहणार, हे मला आणि तिला दोघींनाही ठाऊक आहे.

बाबा शेतमजूर होते आणि वाचणारे होते. मेळाव्याहून परतताना बाकीचे लोक पोरांसाठी खेळणी आणत, बाबा पुस्तिका आणत. आठ पानी, सोळा पानी, दोन टाचण्यांत शिवलेल्या. नव्या असल्या की बोटांना शाई लागायची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. शाळेच्या पुस्तकात घर, बदक, नमन होतं. माझ्या पुस्तिकांत पाणवठा, हक्क, संविधान. त्यातली एक अमेरिकेवर होती. तिचं मुखपृष्ठ फाटलं होतं, त्यामुळे ती कुणी लिहिली ते कळायला मार्ग नव्हता. बाबा ती चुलीजवळ बसून मोठ्याने वाचायचे आणि मध्येच थांबून समजावून सांगायचे.

"राजा इचारत नव्हता. म्हून लोकाईनं राजाच काढून टाकला. कर किती होता, हा सवालच नाई पोरी. इचारलं का, हा सवाल हाय."

"अन् इकडे भाकर करपून राह्यली, थिले कोन इचारते?" आई म्हणायची.

बाबा हसायचे. आईसुद्धा. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात कायमचा बसला. सरकारला सत्ता कुठून मिळते? देवाकडून नाही, बापजाद्यांकडून नाही. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या संमतीतून. ही कल्पना साता समुद्रापलीकडच्या लोकांनी कागदावर मांडली आणि आमच्या चुलीपर्यंत आली, याचा मला लहानपणी इतका अभिमान वाटायचा, जणू ते सगळे आमचे नातेवाईकच होते.

मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं ते याच हट्टाने. एम.ए.ला अमेरिकेच्या शासनव्यवस्थेचा अख्खा पेपर होता. मी एसटीत बसून तो पाठ करायचे. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. सत्ता एका हातात जाऊ द्यायची नाही, कारण माणूस देवदूत नाही हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. मला हे फार आवडलं. आणि मग मी आमच्या गावाकडे पाहायचे. सरपंचबाई मागच्या निवडणुकीत निवडून आल्या, पण गावात सरपंच म्हणतात ते त्यांच्या नवऱ्याला. ठराव तो सांगतो. रस्त्याचं काम त्याचा भाचा करतो. भांडण झालं तर ते मिटवणाऱ्या समितीचा अध्यक्षही तोच. तीन सत्ता आणि तिन्ही एकाच पांढऱ्या सदऱ्यात. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरं हसली. मीही हसले. तेव्हा हसता येत होतं.

सहीचा वर्ग मी त्याच वर्षी सुरू केला.

आमच्या वस्तीतल्या बायका अंगठा लावायच्या. बँकेत, रेशन दुकानात, रोजगार हमीच्या हजेरीवर. तो निळा अंगठा मला सहन व्हायचा नाही. कुणीतरी बाईचं बोट धरतं, शाईच्या डबीत दाबतं, कागदावर लोळवतं, आणि बाई तो अंगठा पदराला पुसत घरी येते. मी ठरवलं, हे बंद. संध्याकाळी आमच्या ओट्यावर अकरा जणी जमायच्या, निंदणाहून आलेल्या, हाताला मातीचा वास. मी त्यांना प्रत्येकीचं नाव गिरवायला दिलं. वाचन नाही, बाराखडी नाही, फक्त आपापलं नाव. त्या थकलेल्या असायच्या आणि मी घाईत होते. नाव आलं की झालं, असं मला वाटलं.

आई परातीतल्या पिठावर बोटाने सराव करायची. तिची सही मोठी आहे, ओळीत मावत नाही, शेवटचं अक्षर खाली घसरतं. पहिल्यांदा बँकेत कारकुनाने सवयीने डबी पुढे केली तेव्हा ती म्हणाली, "पेन द्या." मी मागे उभी होते. आयुष्यात कुठल्या भाषणाला मला इतकं भरून आलं नाही.

शिपाई आला तेव्हा दुपार होती, तूर फुलावर होती. वर्ग संध्याकाळचा असला तरी त्या दिवशी लग्नाचं जेवण होतं म्हणून बायका घरीच होत्या आणि आमच्या ओट्यावर गप्पा मारत बसल्या होत्या. मी भिंतीला टेकून नोट्स वाचत होते. मोटारसायकल थांबली. शिपाई आमच्याच वस्तीतला, सगळ्याजणी त्याला मामा म्हणतात.

"या मामा, कोनती सभा हाय आता?"

"हाय एक. हजेरी लागते. सह्या द्या पटापट."

"पटापट नाई व्हत आमच्यानं. आमी काढून काढून करतो."

"मंग अंगठा द्या ना, डबी हाय मायाजवळ."

"थे डबी घालजा तुमच्या बायकोच्या बटव्यात!" एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. "मी आता अंगठा देत नाई कोनाले. मॅडमनं शिकोलं मले."

मॅडम म्हणजे मी. त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं. मी वाकून पाहिलं. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा होता. मागचं पानही कोरं. सह्यांच्या रेघा खालच्या बाजूला आखलेल्या होत्या.

"मामा, वर काहीच नाही लिहिलेलं?"

"सभा झाल्याबिगर वर काय लिहीन ग्रामसेवक? हजेरी हाय पोरी ही."

ते मला पटलं. मी सत्तेच्या विभाजनावर सोळा पानं लिहून आणली होती, आणि अर्धं कोरं पान पाहून मला पटलं. त्याचं पेन मध्येच आटलं तेव्हा मी माझं दिलं. मी म्हणाले, "करा गं सगळ्याजणी, हजर असणं हीच आपली ताकद." अगदी हेच शब्द. अकरा जणींनी जीभ दातात धरून सह्या केल्या. आईची सगळ्यांत वर होती, कारण आईच सगळ्यांत पुढे सरसावली होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सरपंचबाईंच्या नवऱ्याने आईला खुर्ची दिली.

आई रेशनकार्डाच्या कामाला ग्रामपंचायतीत गेली होती. आमच्या माणसांनी तिथे दाराच्या चौकटीशी उभं राहून बोलायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण असतं. त्या दिवशी तो उठला आणि म्हणाला, "वयनी, बसा ना. उभ्या काहून?" आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात आनंद नव्हता. "मी बसलीच नाई," ती म्हणाली. "मले त्या खुर्चीचं भेव वाटलं."

मग गायरानात पांढरी गाडी आली. दोन माणसं उतरली, तीन पायांवर यंत्र उभं करून त्यांनी डोळा लावला, एकाने दूर जाऊन काठी धरली. आई तुरीत होती. तिने विचारलं तर म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही मावशी, आम्ही मोजायला आलो. दुसऱ्या दिवशी बांधावरच्या कडुनिंबाच्या खोडावर लाल रंगाने आकडा लिहिलेला होता. मग धुऱ्यावरच्या, हद्दीच्या दगडांवर आकडे. रोज सकाळी आणखी दोन-चार. लिहिताना कुणी दिसत नसे. पिठाच्या गिरणीत आई शिरली की बोलणं थांबायचं आणि ती बाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायचं. ज्यांच्या शेतात आम्ही वर्षानुवर्षं मजुरीला जातो ते लोकही एकाएकी फार गोड बोलायला लागले. मला शिव्यांची सवय होती, या गोडव्याची नव्हती.

मी त्या सभेच्या कागदांसाठी माहिती अधिकारात अर्ज दिला. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी ग्रामसेवकाने ठरावाची झेरॉक्स हातात ठेवली. मी ती ग्रामपंचायतीच्या पायरीवरच वाचली.

गायरान जमीन सौरऊर्जेच्या प्रकल्पाला देण्यास ग्रामसभा एकमताने संमती देत आहे. त्याखाली सूचक म्हणून एका मोठ्या शेतकऱ्याचं नाव. अनुमोदक म्हणून माझ्या आईचं. आणि त्याखाली शंभरावर सह्या. पहिल्या अकरांपैकी प्रत्येक सही मी ओळखत होते. कुणाची रेघ कुठे थरथरते, कुणी काना द्यायला विसरते. माझ्या वर्गाचा निकालच लागला होता तिथे.

आईला मी घरी तो कागद वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला.

"माहं नाव कुठी हाय?"

मी दाखवलं. तिने अनुमोदक या शब्दापुढच्या नावावर बोट ठेवलं. "हे मी नाई काढलं."

"ते ग्रामसेवकाने लिहिलं, आई. सही खाली आहे."

बोट खाली सरकलं. घसरलेल्या शेवटच्या अक्षरावर थांबलं. "हे माही हाय." मग म्हणाली, "मंग म्या देऊन टाकली का जमीन?"

मी कायदा सांगू लागले. तिने मला थांबवलं. "तुले तं वाचता येत होतं. तू काहून नाई म्हनलं, का आदी वर लिहा अन् मंग सही मांगा?"

मी तो कागद घडी घालून पत्र्याच्या पेटीत, नोटिसांच्या शेजारी ठेवला.

त्या आठवड्यात मी अमेरिकेचा पेपर पुन्हा काढला, पण यावेळी जी पानं मी भराभर उलटून गेले होते ती वाचली. ज्यांनी संमतीची भाषा लिहिली, त्यांनीच पुढे घटना लिहिताना गुलामांची मोजणी केली. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेब. मत द्यायला नव्हे. मालकांच्या प्रांताला जागा जास्त मिळाव्यात म्हणून. म्हणजे माणूस मोजला, पण त्याला विचारलं नाही. त्याच्या नावावर त्याच्याच मालकाची ताकद वाढवली. हे काही तळटिपेत लपवलेलं नाही. घटनेच्या मजकुरात होतं, आणि काढून टाकायला त्या देशाला यादवी युद्ध लढावं लागलं. बायकांना तर त्यानंतरही कितीतरी वर्षं थांबावं लागलं. बाबांच्या सोळा पानांत हे नव्हतं, की होतं आणि ते पान फाटलेलं होतं, मला माहीत नाही. मला एवढं कळलं की गणपूर्तीसाठी आम्हीही मोजले गेलो होतो. पूर्ण. पाचातले तीन नाही, अकराच्या अकरा. प्रगतीच म्हणायची.

तालुक्याच्या कार्यालयात मी आणि आई गेलो. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी दोघींना बसवलं, कागद नीट वाचला.

"सही खोटी आहे का?"

"नाही."

"मग?"

"साहेब, सही म्हणजे संमती नव्हे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "पान कोरं होतं."

"ताई, फाइलमध्ये सही दिसते. पान केव्हा कोरं होतं ते फाइलमध्ये दिसत नाही." ते रागावले नव्हते, हेच जास्त भीतीदायक होतं. "पुढच्या सभेत मागचा ठराव कायम करायचा विषय असतो. तिथे विरोध नोंदवा. तेवढंच."

तेव्हा मी माझी दुसरी चूक केली. मला वाटलं, आपल्याला मोजूनच त्यांचं काम होतं ना? मग मोजूच द्यायचं नाही. सभा भरू द्यायची नाही. मी सगळ्या वस्तीला सांगितलं, यावेळी शिपाई आला की रजिस्टरला हात लावायचा नाही. आपली सही नाही तर त्यांची संख्या नाही, संख्या नाही तर सभा नाही. लोकांनी ऐकलं. आमची सगळी घरं आणि वरच्या आळीतलीही काही गरीब घरं, ज्यांची जनावरं त्या गायरानात चरतात. मामा दोन दिवस फिरून पिशवी रिकामीच घेऊन गेला. माझ्या दारात थांबून मात्र तो म्हणाला, "पोरी, हे बरं नाई करून राह्यली तू." मला ती धमकी वाटली.

सभेच्या सकाळी आम्ही शाळेसमोर रस्त्यापलीकडे उभे राहिलो. ओट्यावर टेबल, टेबलामागे सरपंचबाई डोक्यावर पदर घेऊन, शेजारी त्यांचा नवरा, टोकाला ग्रामसेवक. वीसएक माणसं. अर्धा तास गेला. ग्रामसेवकाने घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, गणपूर्ती नसल्याने सभा तहकूब.

आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. "जितलो वं माय!" म्हातारीने मला मिठीच मारली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दहा मिनिटं बोलले. लोकांच्या संमतीशिवाय सत्ता नसते, असं काहीबाही. ओट्यावरची माणसं ऐकत होती. कुणी अडवलं नाही. सरपंचबाईंचा नवरा तर मान डोलवत होता.

आई टाळ्या वाजवत नव्हती. ती ग्रामसेवकाकडे बघत होती. त्याने पिशवीतून एक कागद काढला आणि फळ्यावर टाचला. तहकूब सभेची नोटीस. पुढच्या आठवड्याची तारीख, सकाळी आठ वाजता. टाइप केलेली. सही-शिक्क्यासकट. आमच्या विजयाची नोटीस त्यांनी घरून लिहून आणली होती.

मामा माझ्या बाजूने गेला तेव्हा हळूच म्हणाला, "तहकूब सभेले माणसं लागत नाईत बाई. चार जनं असले तरी चालते. मले सांगू तं द्याचं होतं त्या रोजी."

मी घरी येऊन नियम काढला. तसंच होतं. तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. विषय तेवढे तेच असले पाहिजेत. जे दार मी बंद करून घेतलं होतं, त्याच्यामागेच ते उभे होते.

तो आठवडा मला नीट आठवत नाही. मळणीयंत्रांचा आवाज आणि गायरानात प्रकल्पासाठी सुरू झालेल्या खणण्याचा आवाज, दोन्ही एकमेकांत मिसळायचे. खड्डे आमच्या बांधापर्यंत आले होते. तुरीला शेंगा धरल्या होत्या. मी आईला सांगितलं, तू सभेत एवढंच म्हण की मला वाचता येत नाही, माझ्याकडून फसवून सही घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली.

"मंग उद्या बँकेत जाईन तं काय म्हनतीन? ह्या बाईची सही धरू नोका, हिले वाचता येत नाई?"

"जमीन वाचेल, आई."

"तुह्या बापानं मले एकदा म्हनलं होतं, तू अंगठा लावतं थे मले लागते. त्याच्या जिवंतपनी नाई शिकली मी. आता शिकली तं तू म्हन्तं पुसून टाक."

मी वही मिटली आणि पीठ मळायला घेतलं.

तहकूब सभेला आठ वाजता टेबलाभोवती सरपंचबाईंचा नवरा धरून नऊ माणसं होती. सह्या केलेल्या अकरा आणि मी, अशा आम्ही बारा जणी, मजुरी बुडवून. बाकीची वस्ती कापणीला गेली होती. त्या दिवशी नेमकी सगळ्यांना हाक आली होती, जास्त मजुरीची. ग्रामसेवकाने आम्हाला बघून पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"विषय पहिला, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे," तो भराभर म्हणाला. "सर्वांना मंजूर?"

"वाचा," आई म्हणाली.

"काय?"

"वरचं वाचा. मोठ्यानं."

"वयनी, तुमी सोता अनुमोदक हाय त्याच्यात," सरपंचबाईंचा नवरा हसून म्हणाला. "तुमालेच वाचून दाखवाचं का? सही तुमची हाय ना?"

"सही माही हाय," आई म्हणाली. ती उभी राहिली होती, हातात काही नव्हतं, म्हणून तिने पदराचं टोक धरलं होतं. "मले माहं नाव काढता येते. वाचता येत नाई. ह्या दहा जनींलेबी नाई येत. माह्या पोरीनं आमाले नाव शिकोलं, वाचाले नाई शिकोलं. तिची चुकी हाय. आमची चुकी हाय, का कोऱ्या कागदावर देल्ली. पन कोरा होता म्हून त्याच्यावर काईबी लिहाचं, हे कोनाची चुकी हाय?"

सरपंचबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. मी जमिनीकडे पाहत होते. एवढी शरम आणि एवढा अभिमान एकाच छातीत मावत नाही.

"वाचा ना," सरपंचबाई हळू आवाजात म्हणाल्या. नवऱ्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांनी पुन्हा मान खाली घातली, पण शब्द तोंडातून निघून गेला होता आणि सरपंच कागदोपत्री त्याच होत्या.

ग्रामसेवकाने वाचलं. संमती या शब्दापाशी आई म्हणाली, "मी नाई म्हनते. लिहा."

त्याने लिहिलं. "काय लिहिलं?" तिने विचारलं. मी टेबलापाशी जाऊन वाचलं. सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.

"चर्चा नाई म्हनलं मी. नाई म्हनलं. नाई लिहा."

अखेर हात वर करून मोजणी झाली. नकार बारा, होकार नऊ. सरपंचबाईंचा हात वरही नव्हता, खालीही नव्हता. टेबलावर रजिस्टरच्या कडेला होता. इतिवृत्त कायम झालं नाही, असं ग्रामसेवकाने लिहिलं आणि लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. मग आईने सही केली. सहीच्या खाली जेवढी जागा कोरी राहिली होती तिच्यावर तिने पेनाने वरपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ ओढली. ग्रामसेवक म्हणाला, असं करता येत नाही. ती म्हणाली, झालं आता.

बाहेर पडताना सरपंचबाईंचा नवरा माझ्याजवळ आला. आवाजात तोच गोडवा. "मॅडम, तुमी चांगलं केलं. लोकशाही हाय. पन पयला ठराव जिल्ह्याले जाऊन दोन महिने झाले. थो कागद थोडी वापस येते?"

त्याने खोटं सांगितलं नव्हतं. होकार आमच्याआधी निघून गेला होता, नकार आमच्या गावातल्या रजिस्टरमध्ये बसला आहे. मी नकाराच्या नकला काढून सगळीकडे पाठवल्या, पोच घेतली. गायरानात खणणं थांबलं नाही, वाढलंही नाही. तूर सोंगून झाली. आमच्या शेताच्या मधोमध आता गुडघाभर खोल एक खड्डा आहे. त्याच्याभोवती लाल-पांढरी पट्टी बांधलेली आहे, ती वाऱ्याने दिवसभर फडफडते.

काल अकराच्या सुमाराला पोस्टमन आला. आईच्या नावाचं रजिस्टर्ड पत्र, वर जिल्ह्याच्या कार्यालयाचा शिक्का. पाकीट पातळ होतं. आत एकच कागद असावा.

"सही करा काकू," त्याने यंत्राचा पडदा आणि पेनासारखी काडी पुढे केली.

"आदी फोडून वाचते," आई म्हणाली. "मंग करते."

"असं नाई जमत. आदी सही, मंग पाकीट."

"आत काय हाय?"

"मले काय माहीत? बंद हाय ना थे."

आईने माझ्याकडे पाहिलं. नकार देऊन ते पाकीट परत पाठवलं तरी ते मिळालं असंच धरतात, हे मला माहीत होतं. मी ते तिला सांगितलं. यावेळी मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. तिने घरातून पाण्याचा तांब्या आणला, ओट्यावर पोतं अंथरलं.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "ऊन हाय. घाई नोका करू."

पोस्टमन बसला. पाकीट त्याच्या मांडीवर होतं, काडी हातात. पाणी पिऊन त्याने तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा आईकडे पाहिलं. आईचे दोन्ही हात पदराखाली होते.